एका दिवसाचे डोळे

माझ्या भाच्याच्या लग्नाचा अल्बम आला तेव्हा मी आधी साड्या बघितल्या, मग पंगत बघितली आणि शेवटी स्वतःला शोधलं. सापडायला वेळ लागला नाही. डोळ्यांच्या जागी दोन ट्यूबलाइटी पेटलेली जी बाई आहे, ती मी. हळदीत पेटलेल्या, सप्तपदीत पेटलेल्या, आणि नवरीला साडी देताना तर इतक्या लख्ख, की बिचारीनं डोळेच मिटून घेतलेत. माझा नंबर मोठा, काचा जाड, आणि जगातला कुठलाही फ्लॅश नेमका त्याच काचांवर येऊन बसतो. चौथीत चष्मा लागला, तेव्हापासून माझे डोळे कुणी फोटोत बघितलेले नाहीत. माझ्या लग्नात तेवढा चष्मा काढून घेतला होता. त्या फोटोत मी लाजून खाली बघतेय असं सगळ्यांना वाटतं. मी पाट कुठं संपतो ते शोधत होते.

हर्षालीनं, माझ्या लेकीनं, अल्बम मिटला.

"आई, माझ्या लग्नात असं नको."

"असं म्हणजे?"

"मला तुझे डोळे पाहिजेत फोटोत. माझ्याकडं एक पण फोटो नाही तसा. सासरी ईटला गेल्यावर तुझी आठवण आली तर मी काय बघू, ट्यूबलाइट?"

लेक जायला निघाली की असं काहीतरी बोलते, आणि आई काहीही कबूल करून बसते. मी कबूल केलं. मुलगा ईटचा ठरला होता, हॉल धाराशिवचा ठरला होता, फोटोवाला बार्शीचा ठरला होता. ठरायचे राहिले होते ते फक्त माझे डोळे.

हर्षालीच्या वर्गातली यास्मिन शिकून आली आणि तिनं धाराशिवात बसस्टँडच्या मागं चष्म्याचं दुकान टाकलं. मी तेरहून बस धरून तिच्याकडं गेले.

"तुमच्यासाठी डेली लेन्स बरी, काकू," यास्मिन म्हणाली. "सकाळी नवी घालायची, संध्याकाळी काढून फेकायची. धुवायची, भिजवायची भानगड नाही."

"फेकायची म्हणजे?"

"फेकायची म्हणजे फेकायची."

आपण हे तेरच्या बाईला सांगतोय, हे पोरीच्या ध्यानात आलं नसावं. आमच्या गावात काहीच फेकलं जात नाही. दोन हजार वर्षांमागं इथल्या कुणा बाईनं फुटकं मडकं उकिरड्यावर टाकलं, तर ते उकरून, पुसून, नंबर घालून म्युझियममध्ये काचेच्या कपाटात ठेवलंय, आणि शाळेच्या सहली ते बघून जातात. अशा गावात वस्तू टाकायला हात धजत नाही. त्यात आमचं घर. आमच्याकडं चादर फाटली की तिची उशीची खोळ होते, खोळीचं फडकं होतं, फडक्याच्या वाती होतात, आणि ती चादर शेवटी देवापुढं जळून मोक्षाला जाते. मधल्या पायरीवर मरायची परवानगी नाही.

"वेगवेगळ्या जातीच्या नमुन्याच्या जोड्या देते," यास्मिन सांगत होती. "कुणाला पातळ आवडते, कुणाला घालायला सोपी, कुणाला संध्याकाळपर्यंत ओली राहणारी. काही जणांना तर नुसतं वरचं पाकीट पटकन फाटलं पाहिजे, बाकी काही मागणं नाही. वापरून बघा आणि तुम्हाला कुठली आवडते ते सांगा."

मला कुठली आवडते. हा प्रश्न मी बसमध्ये परत येताना दोनतीनदा मनात म्हणून बघितला. स्थळ बघताना मला कुणी असं विचारलं नव्हतं. घराला रंग द्यायच्या वेळी विचारलं होतं, पण डबे आणून झाल्यावर.

पण त्याआधी लेन्स घालायचा धडा झाला, तो सांगायचा राहिला.

"काकू, डोळा उघडा."

"उघडलाय."

"तोंड उघडलंय तुम्ही."

तोंड मिटलं की डोळाही मिटायचा. दोघांचं अंतर्गत काही संगनमत असावं. आणि डोळ्याचं तरी काय चुकलं. आजवर धूर, मिरची, बाजरीचं कुसळ यांच्यापासून ज्याला मी जिवापाड जपलं, त्याच्यात आता मीच बोट घालायला निघालेली. घरातल्याच माणसानं वार केल्यासारखी त्याची अवस्था. शेवटी यास्मिननं मला गप्पांत गुंतवलं, हर्षालीच्या सासूबद्दल काहीतरी विचारलं, आणि उत्तर द्यायला म्हणून मी डोळे मोठे केले तेवढ्यात घातली.

बाहेर आले तर रस्त्यापलीकडच्या लिंबाची पानं वेगवेगळी दिसत होती. चष्म्याच्या चौकटीबाहेरही जग असतं आणि ते फुकट असतं, हे मला प्रथमच कळलं. त्या आनंदात मी सवयीनं चष्मा वर सरकवायला बोट नेलं आणि स्वतःच्या नाकाच्या मुळावर जोरात टोचून घेतलं.

संध्याकाळी लेन्स काढली आणि केराच्या टोपलीत टाकली. आत्या जवळच बाजेवर बसल्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, तुळजाबाई. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि ऑपरेशनचा विषय निघाला की "पिकू द्या" म्हणतात, मोतीबिंदू नव्हे तर रामफळ असल्यासारखं. त्यांना माणसाचा आकार तेवढा दिसतो. ऐकू मात्र सगळं येतं.

"काय टाकलंस गं?"

"लेन्स, आत्या."

"फुटली व्हय?"

"नाही."

"मग?"

"एकाच दिवसाची असते ती."

आत्यांनी टोपलीकडं तोंड वळवलं. मग म्हणाल्या, "भाकर बी शिळी खातो आपन. डोळा तेवढा ताजा लागतो."

आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान बलभीमराव, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतात. त्यांनी पेपर खाली केला. "वस्तू चांगली आहे आणि टाकायची आहे, हे समीकरण सुटत नाही," असं म्हणून पेपर परत वर केला.

दुसऱ्या दिवसापर्यंत गल्लीला कळलं. आमच्या उजव्या हाताला उत्तरेश्वर भाऊजी राहतात, एसटीचे निवृत्त कंडक्टर. सगळा जन्म लोकांना पुढं सरका म्हणण्यात गेल्यामुळं निवृत्तीनंतरही ते कुणाला आहे त्या जागी राहू देत नाहीत. डाव्या हाताला शांतम्मा, उमरग्याकडची, घरात कानडी बोलणारी. तिच्या मते मनुष्याच्या सर्व व्याधी एरंडेल तेल कमी पडल्यानं होतात. या दोघांनी उभ्या आयुष्यात लेन्स बघितली नव्हती. आवडनिवड मात्र दोघांचीही पक्की होती.

"वहिनी, जाड घ्या," भाऊजी म्हणाले. "टायर असो, सतरंजी असो का लेन्स असो. जाड टिकतं."

"टिकवायची नाहीच भाऊजी. एक दिवसाची आहे."

"मग एका दिवसात तरी टिकायला नको?"

शांतम्मा म्हणाली, "अय्यो, जाड कशाला. गार असली पाहिजे. घालायच्या आधी जरा एरंडेलात बुडवा."

पहिली जात निघाली पातळ. इतकी पातळ, की दुधावरच्या सायीनं तिच्याकडं शिकायला यावं. ती बोटावर उभीच राहीना. तिची घडी पडायची, ती बोटाला मिठी मारायची, डोळ्यापाशी नेली की भिऊन परत बोटावर यायची. मी आरशापुढं आणि आरशात माझ्यामागं सगळं घर उभं. एकदा बोट डोळ्याला लागलं, परत आलं, तर बोट रिकामं आणि आरशातलं जग जसं होतं तसंच धूसर.

"पडली," मी म्हणाले.

"कुणी हलू नका," मास्तर म्हणाले.

नेमके तेव्हाच भाऊजी पेपर मागायला आले होते. त्यांचा एक पाय उंबऱ्यावर होता, एक वर होता.

"आत येऊ का मागं जाऊ?"

"जिथं आहात तिथंच," मास्तर म्हणाले, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना सरकवणारा तो माणूस एका पायावर दाराची चौकट धरून उभा राहिला. शांतम्मा बॅटरी घेऊन फरशीवर ओणवी झाली. आत्या बाजेवरून सूचना देत होत्या. हर्षालीला एक लेन्स सापडली, ती कांद्याचं साल निघाली. शेवटी मी दुसरं पाकीट फोडलं आणि मोठ्या कष्टानं नवी घातली. तरी त्या डोळ्याला सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं दिसू लागलं. यास्मिनला फोनवर डोळा दाखवला, तर ती पोरगी हसतच सुटली.

"काकू, एका डोळ्यात दोन आहेत."

पहिली पडलीच नव्हती. गेली होती, पण पुरती उघडलीच नव्हती, वरच्या पापणीत घडी घालून बसली होती. ती इतकी सोशिक जात, की आत बसल्याचं कुणाला कळू द्यायचं नाही. आमच्याकडं सुनेला हा गुण मोठा मानतात. लेन्सला तो चालत नाही.

मग दुसरी जात, जरा ताठ, निळसर झाक असलेली, तळहातावर दिसायला सोपी. ती मात्र बोटावर वाटीसारखी बसली आणि पहिल्या झटक्याला डोळ्यात गेली. भाऊजींनी "मी म्हणालो होतो" असं म्हणून घेतलं. दुपारपर्यंत बरं चाललं. पण आमच्याकडचं चैत्राचं वारं तुम्हाला ठाऊक नसेल. ते ज्वारीच्या रानावरून तापत येतं आणि माणसाच्या तोंडचं पाणी पळवतं, मग डोळ्याची काय कथा. लेन्स वाळली आणि पापणी मिटली की ती कढईत उलथनं घासल्यासारखा आवाज करायची. आवाज मलाच यायचा, पण यायचा.

आणि त्यातच ते झालं.

माझ्यासारख्या जाड चष्म्याच्या बाईची एक गंमत असते. लांबचं बघायला चष्मा नाकावर, जवळचं बघायला चष्मा कपाळावर. सुईत दोरा ओवणं, तांदळातला खडा, हर्षालीच्या बोटातला बाभळीचा काटा, शांतम्माच्या डोळ्यात गेलेला कचरा, हे सगळं मी चष्मा वर करून, नाकाजवळ धरून बघत आले. तितकं जवळचं आमच्या सगळ्या गल्लीत कुणाला दिसत नाही. पण लेन्स काही कपाळावर सरकवता येत नाही. लांबचा लिंब पानापानानं दिसू लागला आणि हातातला तांदूळ नुसता पांढरा ढग झाला. मी ढगच निवडला आणि ढगाचीच खिचडी लावली. मास्तरांच्या दाढेचा तुकडा पडला. त्यांनी तुकडा ताटाच्या कडेला ठेवला आणि ते त्याच्याकडं बघत जेवले. ते बघणं मला जास्त लागलं.

यास्मिन म्हणाली, "वयाचं आहे, काकू. लेन्सवरून वाचायचा चष्मा लावा."

म्हणजे चष्मा जावा म्हणून लेन्स आणायची, आणि लेन्स निभावून न्यावी म्हणून चष्मा लावायचा. मास्तरांनी हे ऐकून दाढेवर हात ठेवला आणि पहिल्यांदाच या विषयात गोडी घेतली. "हे समीकरण सुटतं," ते म्हणाले. "उत्तर शून्य."

यावर यास्मिननं तोडगा काढला. एका डोळ्यात लांबची घालायची, दुसऱ्यात जवळची. मेंदू आपोआप जमवून घेतो म्हणाली. तिच्या गिऱ्हाइकांचा मेंदू घेत असेल. माझा मेंदू एकत्र कुटुंबात वाढलेला, त्याला दोन्ही बाजूंचं ऐकलं की काहीच ठरवता येत नाही. मग मीच त्याला मदत करू लागले. लांबचं बघायचं असलं की जवळचा डोळा मिटायचा, जवळचं बघायचं असलं की लांबचा.

मी आठवड्याच्या बाजाराला गेले. समोरून कोण येतंय ते बघायला एक डोळा मिटला. पेरूवाल्यानं तोलून झाल्यावर एक पेरू जास्तीचा टाकला. दूधवाल्यानं माप न मागता वाढवलं. दोन अनोळखी माणसं रस्ता बदलून गेली आणि एक ओळखीचा बदलून आला. माझ्या काही ध्यानात येईना, आज गाव एवढं मोकळं का वागतंय. चौकात लांबवर उत्तरेश्वर भाऊजी उभे दिसले, ते खरंच भाऊजी आहेत का हे नीट बघायला मी डोळा मिटला, उघडला, खात्रीसाठी परत मिटला. ते लगेच पुढं सरकले आणि गल्लीत दिसेनासे झाले.

दुपारी त्यांची बायको आली. चहा घेतला, पण ओठ न टेकवल्यासारखा.

"वहिनी, तुमच्या डोळ्याला काही झालंय का?"

"लेन्स आहे."

"बरं. ह्यांना वाटलं, काही बोलायचंय."

पन्नाशीला टेकलेल्या, मास्तरांच्या बायकोवर भर बाजारात डोळा मारल्याचा आरोप यावा आणि तो तत्त्वतः खरा असावा, याहून मोठी नामुष्की मला सुचत नाही. मास्तरांनी मात्र विचारलं, "पेरू किती आले?" त्या माणसाचं हे असंच आहे.

शेवटची जात ओली राहणारी. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही घडलंच नाही, हेच तिचं वैशिष्ट्य. सकाळी घातली, वारं वाहिलं, फोडणी झाली, शांतम्मा येऊन बोलून गेली, आणि संध्याकाळी हर्षालीनं "कशी वाटतेय?" विचारलं तेव्हा मला आधी आठवावं लागलं की काय कशी वाटतेय.

"हीच," मी यास्मिनला सांगितलं.

"नक्की? ही जवळच्यासाठी नाही हं."

"लग्नात मला जवळचं काय बघायचंय? तांदूळ आचारी निवडेल."

गल्लीला माझी निवड पटली नाही. भाऊजींच्या मते मी दिखाऊपणाला भुलले. पण आपल्याला एक गोष्ट आवडली आणि ती आपण मोठ्यानं सांगितली, याचं मला दोन दिवस नवल वाटत राहिलं.

माझा नंबर चमत्कारिक, त्यामुळं यास्मिनकडं नमुने होते तेवढेच, तयार डबा नव्हता. तिनं पुण्याहून मागवला, थेट माझ्या नावानं. तेरमध्ये ते कुरियरवाले येत नाहीत, पार्सल धाराशिवच्या कचेरीतून घ्यायचं होतं. आल्याचे मेसेज मास्तरांच्या फोनवर येत होते. मास्तरांनी ते फसवणुकीचे समजून एकेक करून पुसले, आणि अशा मेसेजपासून सावध कसं राहावं यावर वर्गात तास घेतला. यास्मिननं स्वतः फोन केला तेव्हा कळलं, की पार्सल ठेवायचा आज शेवटचा दिवस.

मी ओल्या जातीची नमुन्याची शेवटची जोडी घातली आणि निघाले. भाऊजी दारातून म्हणाले, "वहिनी, चष्मा जवळ असू द्या." मी चष्मा मुद्दाम घरी ठेवला. कोणाचं तरी एकदा न ऐकण्याची माझी हौस नेमकी त्या दिवशी उफाळून आली.

कुरियरच्या खिडकीतल्या माणसानं ओळखपत्र हातात घेतलं. त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"या बाईला चष्मा आहे."

"ती बाई मीच."

"तुम्हाला चष्मा नाही."

"लेन्स घातलीय ना. पार्सलमध्ये लेन्सच आहेत."

"पार्सलमध्ये काय आहे ते आम्ही बघत नाही. पार्सल कुणाला देतोय ते बघतो."

मागं रांगेत एक भला माणूस होता. त्यानं आपला चष्मा काढून मला दिला. मी तो लावला, माझ्यापुढं तीन खिडक्या झाल्या, त्यातल्या मधल्या खिडकीकडं तोंड करून मी उभी राहिले.

"फोटोतल्या चष्म्याची काडी तांबूस आहे," मधली खिडकी म्हणाली. "ही काळी आहे. स्वतःचा चष्मा घालून या."

मी बसनं तेरला आले, लेन्स काढल्या, चष्मा घातला, बसनं परत गेले. खिडकीला कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी रविवार, सोमवारी लग्न, आणि पार्सल नियमाप्रमाणं पुण्याच्या वाटेला लागलेलं. चष्मा सुटावा म्हणून गेले होते, चष्मा नव्हता म्हणून रिकाम्या हातानं परत आले.

हर्षाली मेंदी लावलेले हात वर धरून बसली होती. तिला सांगितलं तेव्हा म्हणाली, "राहू दे आई. काही बिघडत नाही." तिला खरंच बिघडलेलं असलं की ती असंच म्हणते. लहानपणी सहलीला पाठवलं नव्हतं तेव्हाही असंच म्हणाली होती. मी आत जाऊन चष्म्याच्या काचा पुसल्या. त्या पुसून पातळ होणाऱ्यातल्या नव्हत्या.

लग्नाच्या दिवशी हॉलवर, बायकांच्या खोलीत, आत्यांनी मला जवळ बोलावलं. पदराखालून एक डबी काढली. त्यांची जुनी हळदीकुंकवाची पितळी डबी, आतून घासून लख्ख केलेली.

"घे. एक बी वाया जाऊ दिली न्हाय म्या."

उघडून बघितलं. पाण्यात माझ्या सगळ्या लेन्स तरंगत होत्या. पातळ, ताठ, लांबची, जवळची, ओली, साऱ्या जाती एकमेकींना चिकटून. कडेला हळदीचा एक कण फिरत होता.

"तुळजापूरच्या तीर्थात ठिवल्यात. वाळून पापडी झाल्या व्हत्या, भिजल्या की परत फुगल्या बघ. लेक म्हनली ना, डोळं पायजेत. मंग."

ही बाई रोज सकाळी, मी झाडायच्या आत, केराची टोपली चाचपत होती. तिला भिंत आणि माणूस यांतला फरक हललं तरच कळतो. तिनं त्या डोळ्यांनी नव्हे, बोटांनी वेचल्या होत्या. मला आरशापुढंही धड हाताळता येत नव्हत्या त्या.

एकदा काढलेली परत घालाल तर डोळा घालवून बसाल, हे यास्मिननं मला दोन भाषांत बजावलं होतं.

"घालते, आत्या," मी म्हणाले.

मोरीत गेले, कडी लावली. घालायला लागेल तेवढा वेळ उभी राहिले. अगदी खरं वाटावं म्हणून एकदा तोंडही उघडलं. मग डबी झाकण लावून पिशवीत तळाशी ठेवली, चष्मा घातला आणि बाहेर आले.

"बसल्या?"

"बसल्या."

"टोचत्यात का?"

"नाही. लई गार वाटतंय."

त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवायला हात वर केला. मी तो वाटेतच धरला आणि काडीच्या खाली, गालावर ठेवला.

लग्न लागलं. आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या, कुंकवात रंगवलेल्या. समोरचे लोक हलक्या हातानं टाकतात, पण उत्तरेश्वर भाऊजी मागच्या रांगेत खुर्चीवर उभे होते. गाडी भरलेली असली तरी शेवटच्या सीटपर्यंत आवाज पोचवणारा माणूस तो, त्याच हिशेबानं त्यांनी शेवटची मूठ भिरकावली. अंतरपाट खाली आला आणि हर्षालीनं डाव्या डोळ्यावर हात धरला.

"डोळ्यात गेलं."

काजळ ओघळायला लागलं. डोळा उघडेना. ईटच्या विहीणबाई म्हणाल्या, "पाणी मारा." कुणी म्हणालं, "फुंकर घाला." नटवणारी बाई म्हणाली, "हात लावू नका, मेकअप जाईल." शांतम्मा तिसऱ्या रांगेतून एरंडेल कुणाकडं आहे का विचारत पुढं आली.

मी चष्मा काढला आणि मास्तरांच्या हातात दिला. तसं केलं की मला हॉल दिसत नाही, स्टेज दिसत नाही, जावई दिसत नाही. मी लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि नाकाला नाक लागेपर्यंत जवळ गेले. सगळं विरघळलं आणि तो एक डोळा तेवढा उरला. पापणीचा केस न् केस वेगळा. आत पांढऱ्यावर ज्वारीच्या कोंड्याचं एवढंसं तांबडं सालपट. पदराच्या टोकाला पीळ दिला, जिभेवर ओला केला, आणि काढलं.

"गेलं?" मी विचारलं.

"गेलं."

मी मागं सरकू लागले.

"थांब जरा," ती म्हणाली. "अजून एक आहे वाटतं."

दुसरं काही नव्हतं. मला तिथून सगळं दिसत होतं, तिलाही ते माहीत होतं. तरी मी बघत राहिले आणि ती बघू देत राहिली. कुठं तरी फ्लॅश पडला. बसायला त्याला काच सापडली नाही.

बार्शीच्या फोटोवाल्यानं तो फोटो मोठा करून पाठवला. हर्षालीनं एक ईटच्या घरी लावलाय, एक आमच्या बैठकीत आहे. माझे दोन्ही डोळे उघडे आहेत, चांगले टपोरे आहेत म्हणतात. मला स्वतःला खात्री नव्हती, मी चष्मा काढून जवळ जाऊन बघितलं. हर्षालीचा एक डोळा लाल आहे आणि माझ्या ओठाला पदराचा दोरा चिकटलाय.

परवा उत्तरेश्वर भाऊजी पेपर मागायला आले, तर फोटोपुढं बराच वेळ थांबले.

"वहिनी, कळतच नाही बघा लेन्स घातलीय ते. जाडच घेतली ना शेवटी?"

मी काही बोलायच्या आत बाजेवरून आत्यांनी विचारलं, "उत्तरेश्वरा, डोळं दिसत्यात का रं तिचं?"

"दिसतात की. अगदी स्वच्छ."

आत्यांनी पाय बाजेवर घेतले, पदर नीट केला आणि मान हलवली.

"फेकून देत व्हती," त्या म्हणाल्या.